दोन फुटी गोधड्या

चार बायका हातात सुई घेऊन बसल्या की सगळ्यांची नजर टाक्यावर असते. एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नसतं, त्यामुळे एरवी जिभेवर येऊन परत जाणारं सगळं आपोआप बोललं जातं. किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्याकडे ते मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी अडीच ते साडेचार, चहासकट जमत गेले. आता कुठल्याही लग्नात जुने शेजारी भेटले की कोणीतरी म्हणतंच, "सुनंदाताई, तो उंटाचा सांगा ना." उंटाचा सांगितला की खिशाचा राहतो, खिशाचा सांगितला की बक्षिसाचा. तेव्हा आज सगळे ओळीने सांगते. चहा झाला असेल तर बसा.

*

आम्ही कऱ्हाडहून मनवेलपाड्यात राहायला आलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. वन रूम किचन, चौथा मजला, भिंतींना बिल्डरने दिलेला पिवळट डिस्टेंपर. हॉलमध्ये एक सेटी, एक कपाट आणि नवा कोरा कलर टीव्ही. बाकी घर इतकं रिकामं की बोललं की आवाज घुमायचा.

आईने जुन्या लुगड्यांचं गाठोडं बरोबर दिलं होतं. संक्रांत जवळ आली होती. मी काळ्या चंद्रकळेचे चौकोन कापले, अधेमधे पांढरे तुकडे जोडले, कडेने हळदी रंगाची पट्टी फिरवली आणि दोन फूट बाय दोन फूट अशी छोटीशी गोधडी शिवून टीव्हीवर घातली. तेव्हा प्रत्येकाच्या टीव्हीला काहीतरी कव्हर असायचंच. कोणाचं क्रोशाचं, कोणाचं प्लॅस्टिकचं. आमचं गोधडीचं. हॉल एकदम घरासारखा दिसायला लागला. दोन दिवस मी येता-जाता तिच्याकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी यांचे मामा आले. मामा निवृत्त ग्रामसेवक, बोलणं मोजकं. पाणी प्यायले, सेटीवर टेकले आणि टीव्हीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता कौतुक होणार. त्यांनी यांना विचारलं, टीव्ही बिघडलाय का. हे म्हणाले, नाही हो, नवा आहे, मस्त चालतो. मामा उठले, गोधडीचं टोक चिमटीत धरून जाडी बघितली आणि माझ्याकडे वळले.

"सूनबाई, मग याला थंडी कधीपासून वाजतेय?"

*

मामांचं हे वाक्य यांनीच खाली जाऊन सांगितलं. त्यामुळे थंडी वाजणारा टीव्ही बघायला निम्मी बिल्डिंग येऊन गेली. त्यातल्या तिघी परत परत आल्या आणि मग येतच राहिल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंत काकू. मालवणकडच्या. जगातली कुठलीही चिंधी त्यांना टाकवत नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटणकर बाई. शाळेत उभा जन्म गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कापड कापायच्या आधी कंपासपेटी उघडायच्या. आणि तळमजल्यावरची मार्था. मूळची भुईगावची, सकाळी एका शाळेच्या ऑफिसात काम करायची. तिचा हात असा की सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते दिसायचं नाही. तिची दोन फुटी गोधडी तीन बैठकांत पुरी व्हायची. माझी महिन्यात.

ठरलं असं की प्रत्येक हंगामाला चौघींच्या घरी एकेक नवी गोधडी. संक्रांतीला काळी. उन्हाळ्यात पांढरी-निळी, नुसतं बघूनच गार वाटेल अशी. श्रावणात हिरवी. दिवाळीला लाल-केशरी. नाताळला मार्थाच्या पसंतीची. कोणी टीव्हीवर घालायचं, कोणी भिंतीवर, कोणी सेटीच्या पाठीवर.

पहिलं वर्ष संपताना आमचे हे पेपर वाचता वाचता एवढंच म्हणाले, "या घरात टीव्हीला वर्षाला पाच कपडे होतात. मला दोन." दिवाळीला त्यांना शर्ट घेतला. न घेऊन करते काय?

*

शर्टावरून आठवलं. श्रावणाची गोधडी होती आणि हिरवा रंग कमी पडत होता. गडद हिरवा मिळाला, शेवाळी मिळाला, पण कोवळ्या पानाचा पोपटी काही सापडेना. शुक्रवारी सावंत काकू आल्या त्या पोपटी कापडाचे सहा तुकडे घेऊनच. कुठून आणलंत म्हणून विचारलं तर म्हणाल्या, घरातच पडून होतं.

पंधरा दिवस सावंत काका त्यांचा पोपटी शर्ट शोधत होते. कपाट पालथं घातलं, गच्चीवर वाळत घातला होता का ते बघून आले, शेवटी इस्त्रीवाल्याशी भांडायला निघाले. काकूंनी त्यांना अडवलं. कशाला गरिबाला दोष देता, मिळेल कुठेतरी, असं समजुतीच्या सुरात सांगितलं. त्यांचा तो सूर ऐकून मला माझा चेहरा टाक्यात लपवावा लागला.

गणपतीच्या आधी क्रिकेटची मॅच होती आणि काकांचा टीव्ही बंद पडला, म्हणून ते आमच्याकडे आले. मी टीव्हीवरची गोधडी वर सारली तर तिचा पुढचा भाग नेमका काकांच्या समोर. त्यात पोपटी चौकोन, आणि मधल्या चौकोनावर खिसा. अख्खा खिसा. त्याच्या कडेला निळ्या शाईचा डाग. काकूंना तो खिसा उसवायचा कंटाळा आला होता आणि वर त्या आम्हाला म्हणाल्या होत्या की डिझाइन आहे.

काका बराच वेळ बघत बसले. स्क्रीनवर विकेट पडली तरी त्यांचं लक्ष नाही. मी चहा आणायचं निमित्त करून आत गेले. बाहेर आले तेव्हा ते उठून टीव्हीजवळ उभे होते. त्यांनी आपला चष्म्याचा डबा त्या खिशात व्यवस्थित ठेवला आणि परत जागेवर येऊन बसले.

"वहिनी, टीव्ही तुमचा," ते म्हणाले, "पण खिसा माझा आहे."

पुढे नव्या शिवल्या तरी पावसाळा आला की मी तीच गोधडी काढायचे, अशी ती तीन पावसाळे टीव्हीवर होती. काका मॅच बघायला आले की डबा तिथेच ठेवायचे. काकूंना ते एका शब्दाने बोलले नाहीत. मात्र कपाटाला कुलूप आलं.

*

राजोडीची एक मावशी आमच्याकडे मासे घेऊन यायची. पाटी दाराबाहेर टेकवायची आणि जरा वेळ चौकटीत बसून पाठ मोकळी करायची. एका मंगळवारी ती आली तेव्हा आमचं शिवण रंगात आलं होतं. तिने पाणी मागितलं, प्यायली आणि मान वाकडी करून माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. मी त्या दिवशी जरा घाईत होते. टाके कुठे लांब, कुठे आखूड, एका ठिकाणी बोट जाईल एवढी फट.

मी तिला विचारलं, तुम्हाला येतं का हो शिवायला. ती म्हणाली, आमी जाळी विनतो, गोधडी नाय येत. मग थोडा विचार करून म्हणाली, "पन बाय, तू असं जाळं विनलंस ना, तर मासा हसत हसत बाहेर जाईल."

मार्था इतकी हसली की तिला सुई लागली. पाटणकर बाईंनी गंभीरपणे माझ्याकडून तो तुकडा घेतला, फट मोजली आणि जाहीर केलं की बोंबील जाईल, सुरमई जाणार नाही.

*

आमच्या बिल्डिंगमध्ये भांडायला एकच विषय होता. पाण्याचा पंप किती वाजता लावायचा. दुसऱ्या मजल्याला सकाळी सहाला हवा, तिसऱ्याला साडेसहाला. यावरून दिवाळीच्या तोंडावर सावंत काकू आणि पाटणकर बाई यांचं बोलणं बंद झालं. बोलणं बंद, पण शिवण कसं बंद करणार? दिवाळीची गोधडी दोघींनी मिळून करायला घेतली होती. या वेळी हौसेने मोठी केली होती, तीन फुटी.

तर त्या दोघी माझ्या हॉलमध्ये शेजारी-शेजारी बसल्या. गोधडी दोघींच्या मांड्यांवर पसरलेली. ही या टोकाने शिवतेय, ती त्या टोकाने. दोघींनी माना विरुद्ध दिशांना फिरवलेल्या. बोलायचं नसल्यामुळे हात मात्र असे चालत होते की मी आणि मार्था बघतच राहिलो. दीड तासात एवढं काम आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

चहा आणला. काकू कप घ्यायला उठल्या, तर त्यांच्याबरोबर गोधडी उठली आणि गोधडीबरोबर पाटणकर बाईंचा पदर. बाई खेचल्या गेल्या म्हणून त्यांनी मागे जोर लावला, तशा काकू खाली बसल्या. मी वाकून बघितलं. काकूंच्या निऱ्या बाईंनी शिवल्या होत्या आणि बाईंचा पदर काकूंनी. बाजूकडे न बघता शिवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

काकूंचे टाके मी पाच मिनिटांत उसवले. पाटणकर बाईंचे निघेनात. इंचाला सहा, सगळे सारखे, दुहेरी दोरा. मी एका बाजूने बसले, मार्था दुसऱ्या बाजूने. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात चहा थंड होत होता आणि त्या दोघी एकमेकींना शिवलेल्या, कुठे जाणार? आधी बाई म्हणाल्या की निरी चांगल्या कापडाची आहे. मग काकूंनी विचारलं, गुडघा कसा आहे. त्यावरून गुडघ्याचं तेल निघालं, तेलावरून बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन, तिथून सहाचा पंप सव्वासहावर आला.

शेवटचा टाका मी तोडला तेव्हा काकूंनी निऱ्या झटकल्या आणि माझ्यावरच नाराज झाल्या. "जरा हळू उसवायचं होतंस गं. अजून दहा मिनिटं मिळाली असती तर सहालाच आणला असता."

*

आता उंटाचा.

एका नाताळला मार्थाने आम्हाला सांगितलं की या वर्षी गोधडी तिच्या सासूबाईंसाठी करायची. सासूबाई भुईगावला राहायच्या, केळीच्या वाडीत. त्यांना सुनेचं कधी काही पसंत पडत नसे. मार्थाने केलेलं डुकराच्या मटणाचं इंदेल त्या पाहुण्यांसमोर बाजूला सारायच्या. हे सांगताना मार्था हसत होती, पण टाका चुकला. मार्थाचा टाका चुकताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. आम्ही तिघींनी ठरवलं, या वेळी पसंत पडलंच पाहिजे.

चित्र होतं बाळ येशूच्या गोठ्याचं. बाळ आणि मरियाबाई मार्थाने केल्या. तारा पाटणकर बाईंनी केला, जुन्या पैठणीच्या काठातून, सगळे कोन मोजून. बाळाला बघायला उंटावरून आलेले तीन राजे माझ्याकडे आले. उंट मागून घेतला सावंत काकूंनी. त्यांनी उंट प्रत्यक्षात एकदाच बघितला होता, जुहूला, तोही मागून. उंट तयार झाला तेव्हा त्याचे पाय आखूड झाले होते, मान तर आखडूनच गेली होती. कुबड होतं, पण दोरा ओढला गेल्यामुळे ते शेपटीकडे सरकलं होतं. आम्ही तो तसाच गोधडीवर लावला. काकूंनी त्यावर चार दुपारी घालवल्या होत्या.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी चौघी भुईगावला गेलो. गल्ली एवढी अरुंद की रिक्षा अलीकडेच सोडावी लागली. सासूबाई लाल लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या, शेजारपाजारच्या चार जणी आलेल्या. मार्थाने गोधडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिली. त्यांनी ती उलगडली. ताऱ्यावरून बोट फिरवलं. बाळाकडे बघितलं. मग बोट एका जागी थांबलं आणि त्यांनी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी विचारलं. आम्हाला कळलं नाही, पण मार्था लाल झाली.

"काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

मार्थाला सांगावंच लागलं. "विचारतात, हा कुत्रा कोणाचा?"

काकू ताठ झाल्या. आम्ही जमिनीकडे बघत उभ्या. शेजारणी वाकून वाकून बघायला लागल्या. मार्थाने घाईघाईने सासूबाईंना सांगितलं की तो उंट आहे. सासूबाईंनी गोधडी जरा लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. मग आम्हाला समजावं म्हणून साध्या मराठीत म्हणाल्या, "उंट कशाला? राजे आले नि गेले. गोठा म्हटला की राखण करायला कुत्रा पाहिजेच. माझ्या सुनेला समजतं." आणि गोधडी आत नेऊन थेट नाताळसाठी मांडलेल्या पाळण्यातल्या बाळ येशूच्या मागच्या भिंतीवर लावायला सांगितली.

परतताना मार्था सगळा रस्ता मधूनच हसत होती. काकूंनी नालासोपारा येईपर्यंत तोंड उघडलं नाही. मग म्हणाल्या, बरं झालं, मी पहिल्यापासून कुत्राच काढत होते.

*

आमच्या भागातल्या एका महिला मंडळाने नवरात्रात हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. चौघींनी चार हंगामांच्या चार गोधड्या दिल्या. फॉर्मवर रकाने होते. विणकाम, भरतकाम, रांगोळी, पायपुसणी. गोधडीचा रकाना नव्हता. टेबलावरच्या बाईंनी गोधडीचं माप बघितलं, जाडी बघितली आणि खूण करून टाकली. आम्ही गप्पांत होतो, कोणी वाचलं नाही.

बक्षीस समारंभाला आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो. माइकवरून आमची नावं आली, "पायपुसणी विभाग, प्रथम क्रमांक." सावंत काकू जागेवरून हलेनात. संतापल्या की त्या मालवणीत शिरायच्या. "माका नको तां बक्षीस," म्हणाल्या. पाटणकर बाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं. त्यांचं म्हणणं, पहिला तो पहिला, विभाग कोण बघतो.

स्टेजवर मोठं गुबगुबीत पार्सल मिळालं. घरी येऊन माझ्या हॉलमध्ये उघडलं. आत एक रेडिमेड गोधडी होती. मशीनवर शिवलेली.

*

आता शेवटचा. हा मी लग्नात सांगत नाही.

पाटणकर बाईंचा मुलगा पुण्याला होता. चांगला मुलगा. आईने एकटीने राहू नये, फ्लॅट विकून पुण्याला यावं, असं त्याचं दोन-तीन वर्षं चाललं होतं. त्या वर्षी बाई जिन्यात पडल्या, आणि मग त्याने ऐकलंच नाही. बाईंनीही हो म्हटलं. त्यांनी हो म्हटल्यावर आम्ही काय बोलणार?

एका रविवारी गिऱ्हाईक फ्लॅट बघायला येणार होतं. मुलगा आदल्या दिवशीच आला. हॉलच्या खिडकीखाली भिंतीला सुपाएवढी ओल आली होती. त्याने रंग मारून घेतला, तर रात्रीत ती रंगातून वर आली. सकाळी तो माझ्याकडे आला आणि ओशाळून म्हणाला, काकू, तुमच्यापैकी कोणाची ती मोठी गोधडी मिळेल का, तासाभरासाठी. त्याला नाही कसं म्हणायचं? दिवाळीची तीन फुटी गोधडी सावंत काकूंकडे होती. त्यांनी ती काढून दिली, पण देताना घडी सोडेनात. मीच त्यांची बोटं सोडवली.

आम्ही तिघींनी मिळून ती खिळ्यांना लावली. बाई खुर्चीत बसून बघत होत्या. मुलाने विचारलं, सरळ आहे ना गं आई. त्या म्हणाल्या, डावीकडून अर्धा इंच वर घे.

गिऱ्हाईक म्हणजे गोरेगावचं एक तरुण जोडपं होतं. सालस माणसं. किचन आवडलं, हवा आवडली, पाणी किती वेळ येतं ते विचारून झालं. मुलगा सगळं नीट सांगत होता. आम्ही तिघी दाराशी उभ्या. नवरा म्हणाला, आम्हाला पसंत आहे, पुढचं बोलूया. त्याची बायको गोधडीसमोर जाऊन उभी राहिली होती. तिने हलकेच हात फिरवला आणि विचारलं, किती सुंदर आहे, हाताने शिवलीय का.

पाटणकर बाई खुर्चीतून उठल्या. पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि काठी टेकत भिंतीशी गेल्या.

"समोरून काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "गोधडी नेहमी मागून बघायची. टाका खरा की खोटा ते मागेच कळतं."

आणि काठी भिंतीला टेकवून, खालची दोन्ही टोकं धरून त्यांनी ती गोधडी पार डोक्याच्या वरपर्यंत उचलली.

एका हाताने ती तशीच धरून दुसऱ्या हाताने त्यांनी ओळी दाखवल्या. इथून इथे माझे, इंचाला सहा. हे तिरके सावंतबाईंचे. ही दुरुस्ती सुनंदाची. हा दिसत नाही तो टाका मार्थाचा. शाळेत फळ्याजवळ उभ्या असाव्यात तशा सावकाश, एकही ओळ न गाळता. ते जोडपं टाक्यांकडे नाही, मागच्या भिंतीकडे बघत होतं. तरी ती मुलगी भली, शेवटी म्हणाली, छान आहेत टाके.

कळवतो म्हणून ती दोघं गेली. मुलाने दार लावलं, आईसमोर येऊन उभा राहिला आणि रडवेल्या आवाजात विचारलं, हे काय केलंस.

"तिने शिवण विचारलं," बाई म्हणाल्या. "मी शिवण दाखवलं."

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आम्ही काय करणार? गोधडी काढायला तिघी पुढे झालो. मी पहिल्या खिळ्याला हात लावला तोच बाईंनी काठीने मला थांबवलं.

"राहू दे तिथेच," त्या म्हणाल्या. "बरी दिसते."